पट्टीखाली फुटलेलं कवठ

आंब्यावर लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. तळेऱ्याच्या फाट्याजवळच्या एका रोपवाटिकेत मी बत्तीस वर्षं कलमं बांधली, त्यात आंब्याचीच जास्त, तेव्हा सांगणाऱ्याचं काही चुकलं नाही. पण हापूसबद्दल बोलणाऱ्यांची आपल्या जिल्ह्यात टंचाई नाही. ज्याच्या परड्यात एकच झाड आहे तोही तासभर बोलतो. कवठाची मात्र कोणी चौकशी करत नाही. म्हणून मी कवठाचं लिहिते. शिवाय त्यात माझी एक लबाडी आहे. ती सांगितल्याशिवाय मी कलमांवर दुसरं काही लिहिणं शोभणार नाही.

आधी कलम म्हणजे काय ते सांगते, कारण चांगली शिकलेली माणसंसुद्धा कलम म्हणजे ठेंगू जातीचं झाड समजतात. बी रुजवलं की रोप येतं, पण ते आईच्या गुणावर जाईलच असं नाही. माणसांची पोरं तरी कुठे जातात? म्हणून आम्ही बियांपासून आलेलं एक जोमदार रोप घेतो. तो खुंट. त्याचा शेंडा उडवायचा आणि बुंध्याला मधोमध चीर द्यायची. मग ज्या झाडाची फळं हवीत त्याची पेन्सिलीएवढी काडी आणायची, खालून पाचरीसारखी तासायची, त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. साल सालीला भिडली पाहिजे, बाकी यात गुपित काही नाही. महिना-दीड महिन्यात काडी फुटली, की कलम धरलं. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची.

आणि एक नियम. पट्टीच्या वर फुटेल ते आपलं, पट्टीच्या खाली फुटेल ते खुंटाचं. खालचं दिसलं की खुडायचं. दया करायची नाही. खुंट दांडगा असतो, तो सगळं स्वतःकडे ओढतो, आणि वरची काडी उपाशी मरते. माझ्या हाताखाली ज्या पोरी शिकल्या त्यांना पहिल्या दिवशी मी हेच सांगायची. माझी बोटं इतकी सवयीची, की कोणाच्या घरी चहाला गेले तरी अंगणातल्या झाडाच्या बुडाशी वाकून दोन फुटवे खुडूनच पायरी चढते. लोक हसतात, हसोत.

एकदा देवगड रस्त्यावरचे एक गृहस्थ पिशवीभर आंबे घेऊन रोपवाटिकेत आले आणि ती पिशवी माझ्यासमोर ओतली. मुंबईतली नोकरी संपवून गावी बंगला बांधलेला, आवाज साहेबी. "बाई, हापूस म्हणून तुम्ही मला रायवळ दिलात. आठ वर्षं मी वाट बघितली." मी एक आंबा उचलला. केसाळ, आंबट, सरळ सरळ रायवळ. विचारलं, "लावल्यावर खालून फूट आली होती का?" ते म्हणाले, "आली होती की. फार जोरदार आली. वरचं जरा मरतुकडं होतं, ते गेलं. पण खालून झाड छान भरलं." मग माझी जीभ सुटली. दहा माणसांदेखत मी त्यांना सुनावलं, "फूट खुंटाची, ती पोसलीत तुम्ही, आणि दोष माझा? डोळे उघडे ठेवून आठ वर्षं स्वतःला फसवलंत." ते गृहस्थ आंबे न उचलताच गेले. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

आता कवठ. नांदगावच्या बाजूला हायवेच्या अगदी कडेला माझं माहेर. आमच्या परड्यात एक कवठाचं झाड होतं. कोकणात कवठ तसं कमी, घाटावर जास्त. आमच्याकडे ते कोणी आणून लावलं ते आयेलाही माहीत नव्हतं. आये म्हणजे माझी आई. ती लग्न होऊन आली तेव्हाच ते घरापेक्षा उंच होतं. अंगभर काटे, साल काळपट आणि भेगाळलेली. बारीक पानं, पण ती चुरगाळली की बडीशेपेसारखा वास येतो. फळ हिरवट पांढरं, चेंडूएवढं, आणि कवच असं टणक की दगडाशिवाय फुटायचं नाही. पिकलंय की नाही ते रंगावरून कळत नाही. गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर सोडायचं. उसळी मारली तर कच्चं, धप्पकन तिथेच बसलं तर पिकलं. आम्ही भावंडं ही परीक्षा इतक्या वेळा घ्यायचो, की पिकायच्या आधीच अर्धी कवठं तडकायची आणि आये झाडू घेऊन मागे लागायची.

त्या झाडाचं काही वाया जात नसे. कच्च्या कवठाच्या चकत्या वाळवून आये ठेवायची, पोट बिघडलं की त्या उगाळून चाटवायची. खोडातून पाझरणारा डिंक माझे वडील जमवून ठेवायचे. पूर्वी पोथ्या लिहिणारे तो शाईत घालत, असं ते सांगायचे. आमच्या घरी त्याने फक्त शाळेची पुस्तकं चिकटली. फोडलेल्या कवठाचं अर्धं कवच घासून गुळगुळीत करून त्यात पानाचा चुना राहायचा. लाकूड चिवट आणि जड, आमचं मुसळ त्याच्याच फांदीचं होतं. आणि शिवरात्रीला गावातली अर्धी घरं महादेवाला ठेवायचं कवठ आमच्याकडून न्यायची.

पण खरी गोष्ट चवीची. कवठ बहुतेक ठिकाणी आंबट, दात आंबवणारं. आमचं गोड होतं. अगदी उसासारखं नव्हे, पण आत तपकिरी गर, त्यात आंबट, गोड आणि थोडं तुरट असं सगळं एका वेळी जिभेवर यायचं. आये त्यात थोडा गूळ, तिखट, मीठ आणि जिऱ्याची पूड घालून हाताने कालवायची. पाट्यावर वाटायची नाही, बिया तशाच राहायला हव्यात म्हणायची. त्या चटणीबरोबर मी नाचणीची भाकरी किती खाल्ली असेल त्याला हिशेब नाही. लग्न होऊन तळेऱ्याला आले तरी दर शिवरात्रीला भाऊ सदा एक पिशवी आणून द्यायचा. ती उघडली की घरभर तो वास. आज लिहितानाही तो मला येतो आणि जीव कासावीस होतो. उगाच खोटं कशाला सांगू.

मग हायवे रुंद करायचं ठरलं. एका दुपारी माणसं आली आणि झाडांवर लाल रंगाने आकडे घालून गेली. आमचं अर्धं परडं रस्त्यात गेलं, त्यात कवठही. सदाने मागच्या बाजूला नवीन घर बांधायला घेतलं. आये रडली नाही. मी गेले तेव्हा तिने एवढंच म्हटलं, "तू दुनयेक कलमा बांधून देतस. आपल्या झाडाचा एक बांधशीत?"

मी म्हटलं, "बांधतंय गो. त्यात काय आसा."

काडी घ्यायची तर आधी तिची पानं खुडून आठ-दहा दिवस ती झाडावरच ठेवावी लागते, म्हणजे डोळा, काडीवरचा कोंब, फुगतो. मला हे माहीत होतं. पण रोपवाटिकेत तेव्हा काजूच्या कलमांची घाई होती. आज जाते, उद्या जाते करत मी तीन आठवडे काढले. सदाचा फोन आला तेव्हा कटर घेतलेली माणसं अंगणात उभी होती. मी पोचले तर झाड आडवं झालेलं. पडलेल्या फांद्यांमधून मी काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. काटे लागून हात रक्ताळले. आये पायरीवर बसून बघत होती. तिने वर्षभर आधी, रस्त्याची कुणकुण लागली तेव्हाच, दुधाच्या पिशव्यांत कवठाच्या बिया रुजवून रोपं करून ठेवली होती, खुंटासाठी. तिचं काम वेळेवर झालं होतं. माझं नव्हतं.

अकरा बांधली. ऐन थंडीत, डोळे न फुगलेल्या काड्या, धरणार किती? दोन धरली. त्या दोन कलमांना मी रोज सकाळी आधी बघायची, मग रोपवाटिकेच्या मालकांना नमस्कार करायची. चैत्रात खारेपाटणचे एक निवृत्त गुरुजी आले. महादेवाच्या देवळामागे लावायला त्यांना कवठ हवं होतं, आणि दोन वर्षं ते सगळ्या रोपवाटिका पालथ्या घालत होते. ते माझ्या दोन कलमांपुढून हलेनात. "सुमनताई, एक द्या. मी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवीन." देवाचं नाव आलं, त्यात दोन होतीच. मी एक दिलं.

वैशाखात उरलेलं दुसरं सुकलं. वरची काडी आठवड्याभरात काळी पडली, आणि पट्टीच्या खालून हिरवीगार, टपोरी फूट आली. खुंटाची. ती खुडायला मी वाकले. खुडून काही उपयोग नव्हता, पण सवय. तेवढ्यात मागून हाक आली. आये एसटीने एकटीच आली होती, हातात पिशवी. नवीन घराचं कुंपण पुरं झालं होतं आणि मिरगाच्या आधी खड्डा तयार होता.

"फुटला मा गो?" तिने विचारलं.

त्या फुटीवर माझी दोन बोटं होती. आयेने तोपर्यंत ती हिरवी पानं बघितली होती, आणि तिचं तोंड असं उजळलं होतं, की माझ्याच्याने ती फूट खुडवेना. मी म्हटलं, "फुटला." मग तिची पाठ वळताच वरची काळी काडी मोडली, पट्टी सोडली, आणि रोप तिच्या पिशवीत ठेवलं. कवठाचा खुंट आणि कवठाची काडी, पान दोघांचं सारखंच. आयेला कळायचं कारण नव्हतं. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी कधी खुंट दिला नाही. आईला दिला.

लबाडी करणं सोपं, ती सांभाळणं अवघड. आयेने त्या रोपाला शेणखत घातलं, उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी घातलं, गुरं येऊ नयेत म्हणून भोवती काटक्यांचा गड केला. शेजारणींना दाखवायची, "माज्या चेडवान बांधलला कलम. ता फुकट जावचा नाय." मी गेले की मला हाताला धरून मागे न्यायची. झाड वाढत होतं, काट्यांसकट, जोमाने. खुंट दांडगा असतो हे मी सांगितलंच. बियांचं कवठ धरायला दहा-बारा वर्षंही घेतं, आणि धरल्यावर गोड निघेल याची काही खात्री नाही. कलम असतं तर पाच-सात वर्षांत फळ दिसलं असतं. पाचवं गेलं, सहावं गेलं. दर शिवरात्रीला आये म्हणायची, "औंदा नाय धरला. फुडल्या वर्सा." आणि मी म्हणायची, "होय, फुडल्या वर्सा." दोनदा सांगायचं ठरवून गेले आणि दोन्हीदा जेवून परत आले. मी रोपवाटिकेतून निवृत्त झाले तेव्हा पोरींनी निरोपाच्या भाषणात, बाईंनी कधी कोणाला खोटं झाड दिलं नाही, असं सांगितलं.

यंदा माघात खारेपाटणच्या बाजारात गुरुजी भेटले. "सुमनताई, तुमचं कवठ धरलं. पहिल्यांदाच. सात फळं आहेत." मी भाजीची पिशवी तशीच टाकून त्यांच्या मागे गेले. देवळामागे झाड उभं होतं, माझ्यापेक्षा दीडपट उंच. खाली वाकून बघितलं, तर माझ्या बांधणीची गाठ सालीवर अजून दिसत होती. मी फळ मागितलं. गुरुजी शिस्तीचे. म्हणाले, "पहिलं फळ देवाला. शिवरात्र होऊ दे, मग या." शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात उभी. त्यांनी एक कवठ दिलं. मी ते तिथेच अंगणात गुडघ्यावरून सोडलं. बसलं, उसळलं नाही. गुरुजींना वाटलं, बाईंना वेड लागलं.

आये आता चौऱ्याऐंशीची आहे. कान मंद झालेत, डोळे अर्धे. मी ते घेऊन तशीच माहेरी गेले, मागच्या पायरीवर कवठ फोडलं आणि गर वाटीत काढला. गूळ घालायच्या आधीच ती आतून काठी टेकत आली, वासावर. बोटाने थोडा गर घेतला आणि जिभेवर ठेवला. मग म्हणाली, "ह्या आपला." आणि परत बोट घातलं. "खंय गावला तुका?"

मी सांगितलं. खारेपाटणचं सांगितलं, गुरुजींचं सांगितलं. तिने मान वळवून परड्यातल्या झाडाकडे बघितलं. "मगे हयला काय आसा?"

"खुंट आसा, आये. कलम मेला होता. तुका त्या दिवशी सांगवला नाय माका."

आदळआपट करणारी बाई नव्हे ती. ओरडलीही नाही. वाटी बाजूला सरकवली. "सात वर्सां लोकांका सांगत रवलंय मी," ती म्हणाली. "माका फशवलस ता फशवलस. माज्या तोंडान दुसऱ्यांकाय फशवलस." एवढं बोलून ती आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. उरलेला गर सदाने गूळ घालून खाल्ला. त्याला काही फरक पडत नव्हता, चांगला आहे म्हणाला.

देवगड रस्त्यावरचे ते गृहस्थ मला परतीच्या वाटेवर आठवले. त्यांना निदान फसवलं त्यांनी स्वतः. मी तर शिकून सवरून, नियम तोंडपाठ असताना हे केलं. पण घरी जाऊन हातपाय गाळून बसले नाही. तो माझा स्वभाव नाही. दुसऱ्याच दिवशी खारेपाटणला गेले, गुरुजींच्या पाया पडले आणि चार काड्या मागितल्या. या वेळी रीतीप्रमाणे पानं खुडली आणि काड्या झाडावरच ठेवल्या. मोठ्या झाडाच्या फांद्या छाटून त्यावर पाचर मारून कलम करता येतं. खाली खुंट सात वर्षांचा, भक्कम मुळांचा, म्हणजे फळही लवकर. सदाला फोनवर तेवढं सांगून ठेवलं. पण झाड आयेचं. तिने बोलावल्याशिवाय करवत घेऊन कोणत्या तोंडाने जायचं?

दहाव्या दिवशी सदाचा फोन आला. "आये सांगता, तुजी ती काडी काय ती घेवन ये."

मी काड्या कापून गोणपाटात घेतल्या आणि गेले. आयेने खुर्ची झाडाजवळ मांडून घेतली होती. माझ्याशी बोलत नव्हती, पण उठतही नव्हती. झाडाला कमरेच्या उंचीवर चार फांद्या होत्या. मी पहिली कापली, दुसरी कापली, तिसरी कापली. चौथीला करवत लावली तेव्हा ती म्हणाली, "ती रवांदे."

"आये, ती खुंटाची आसा. सगळा ओढून घेतली."

"घेवंदे थोडा. सात वर्सां पाणी तेकाच घातलंय मी. तेचो काय गुन्हो?"

नियमात हे बसत नाही. माझ्या हाताखालच्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला सोडलं नसतं. मी चौथी फांदी ठेवली. तीन ठिकाणी चिरा दिल्या, काड्या तासल्या, बसवल्या. पट्टी बांधताना आयेला म्हटलं, जरा धर. तिने वाळक्या दोन बोटांनी काडी धरली, मी पट्टी आवळली. तिन्ही काड्या आम्ही दोघींनी बांधल्या. झाल्यावर तिने पट्ट्यांवरून हात फिरवून बघितलं, गाठी घट्ट आहेत ना म्हणून.

मग विचारलं, "आता किती वर्सां लागतली?"

'फुडल्या शिवरात्रीक खाशीत' हे माझ्या ओठांवर आलं होतं. इतकं सोपं होतं ते, आणि तिला ऐकूनही बरं वाटलं असतं.

"खरा सांग," आये म्हणाली.

"धरला तर तीन. नाय धरला तर फुडल्या वर्सा परत बांधूचा लागात, मगे चार."

ती झाडाकडे बघत होती. ओठ हलत होते, बहुतेक स्वतःचं वय मोजत होती. मग पदर सारखा केला आणि म्हणाली,

"बरा. रवान बगतंय."